बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

कोपरीच्या टोकाला, मिठागरांकडे पाठ करून, त्र्यंबकरावांची बसकी चाळ होती. भाडं कमी, म्हणून हातावर पोट असलेली माणसं तिथे टिकून होती. त्र्यंबकराव पुस्तकात डोकं घालून बसणारे. चाळ बांधतानाही तसेच बसले, आणि शेवटच्या खोलीला खिडकी ठेवायची राहूनच गेली. गवंड्याला वाटलं, मालकांचा काही विचार असेल. मालकांनी लाजून तो समज तसाच राहू दिला.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. नवा नियम निघाला : बिनखिडकीची खोली भाड्याने द्यायची नाही, भिंत फोडा, नाहीतर खोलीला टाळं. आणि नेमकी त्याच खोलीत भाडेकरू गुणाजीची बायको तुळसा बाळंत झालेली. पौषातला गार वारा खाडीवरून थेट त्याच भिंतीवर येई.

गुणाजीची आई गंगुबाई दारात आडवी उभी राहिली. "मालक, पोराला वारा लागला तर तुमचा नियम येणार काय शेक द्यायला?"

"तसं नाही हो, गंगुबाई. पण टाळं लागलं तर जाल कुठे?"

"मग बोला की सायबाशी! एवढी पुस्तकं वाचता, ती काय तोंड मिटून बसायला?"

त्र्यंबकरावांनी मनाशी भाषण जुळवलं. पालिकेचे निरीक्षक आले तेव्हा त्यातला एक शब्द ओठांवर येईना. त्यांनी नुसतं दाराकडे बोट केलं. फटीतून ओव्याचा, लसणीच्या सालींचा धूर येत होता. आत बाळ रडलं.

साहेबांचा चेहरा सैलावला. "धुरी. आमच्याकडेही चालू आहे, मुलीची." त्यांनी हातातली वही मिटली. "बरं. बाळंतीण बाहेर पडेपर्यंत सवलत. सव्वा महिना. पुढे एक दिवस नाही, हं."

त्या दिवसांत त्र्यंबकराव दुपारी चाळीमागे त्याच भिंतीला टेकून बसत. पुस्तक मांडीवर उघडं राही. समोर मिठाचे ढीग उन्हात तरंगत. कधी ती पांढरी गावं वाटत, कधी निजलेले बगळे. पलीकडे तुळसा गुणगुणे. भिंत उबदार लागे, जणू आतली शेगडी कुणी त्यांच्याही पाठीशी आणून ठेवली होती. एकदा त्यांना वाटलं, खिडकी इथे आहेच, फक्त उघडायची राहिलीय. बसल्या जागी त्यांनी कोळशाने तिची चौकट आखली. मग शंका आली, पुसली, पुन्हा तिथेच आखली.

सवलत सरली. तुळसा बाळाला पदराखाली घेऊन गंगुबाईबरोबर विहीर पूजायला गेली, तेवढ्यात भिवा गवंड्याने कोळशाच्या रेघेवरून भिंत फोडली. गंगुबाई परतली आणि बघतच राहिली.

"अगं बाई! ही खिडकी की मांजराचं दार? बाहेर बघायचं तर वाकायला हवं!"

त्र्यंबकरावांचे कान तापले. बसून आखलेली रेघ बसलेल्या माणसाच्याच उंचीची झाली होती. आणि मागे निरीक्षक येऊन उभे. आता टाळं, तेही आपल्याच वेंधळेपणाने.

तुळसा आत गेली, भिंतीशी बसली, तिने बाळाला मांडीवर घेतलं. खिडकी बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आली. बाळाने उजेडाकडे मान वळवली आणि ते शिंकलं.

साहेबांनी वाकून बाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "उंचीचं नियमात काही नाही," ते म्हणाले. "वारा येतो, उजेड येतो. राहू दे खोली."

संध्याकाळी त्र्यंबकराव सवयीने चाळीमागे गेले. टेकायला भिंत उरली नव्हती, तरी तिथेच बसले.

"मालक," आतून गंगुबाईचा आवाज आला, "जरा बाजूला सरका की. पोराला मिठागर दिसू द्या."

ते सरकले.