मन्नाएखेळ्ळीत घडलेली रायफल

मित्रांनो, मी एक रायफल आहे. जुनी म्हणावे तर माझे वय फार नाही. नवी म्हणावे तर माझ्या दस्त्यावर शाईचे डाग आहेत आणि कुणीतरी कर्कटकाने स्वतःचे नाव कोरले आहे. माझा जन्म सैनिकांसाठी झाला, पण सैन्यात मी एक दिवसही नोकरी केली नाही. माझ्या आयुष्याचा अर्थ माझा मलाच नीट लागत नाही. तुम्हाला सांगता सांगता लागला तर पाहू या.

मन्नाएखेळ्ळी हे हमरस्त्यावरचे मोठे गाव. तिथे संगमेश्वरअण्णांचा कारखाना आहे. तुरीची डाळ करणाऱ्या गिरण्यांसाठी चाळण्या आणि रोलर बनवणे हे तिथले काम. खासगी कारखान्यांना शस्त्रे बनवण्याचे परवाने मिळू लागले तेव्हा अण्णांनीही अर्ज केला. गावात हसू झाले. "तूर भरडणारा माणूस बंदूक करायलाय म्हणं!" परवाना खरोखर आला तेव्हा हसणारे गप्प झाले आणि अण्णा घाबरले.

माझा आराखडा काढला नेत्राने. बसवकल्याणच्या एका निवृत्त मास्तरांची ही मुलगी, यंत्रांचे शिक्षण घेतलेली. तिला मोजमापाचे वेड. जेवताना भाकरीची जाडीसुद्धा मनात मोजत असावी, असे मला वाटायचे. आणि मला प्रत्यक्ष घडवले मल्लप्पाकाकांनी. त्यांची उभी हयात रोलर कातण्यात गेली होती. माझा एकेक भाग त्यांनी कानशीने घासला, बोट फिरवून पाहिला, पुन्हा घासला.

माझ्यात एक गंमत होती. गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा गरम वायू नळीतल्या एका बारीक भोकातून वर येतो. तो एका दट्ट्याला मागे ढकलतो. त्या धक्क्याने रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत सरकते. अशा रायफली पुष्कळ असतात. पण नेत्राने माझे भोक नेहमीपेक्षा बारीक ठेवले होते. वायू कमी आला की दट्ट्या हळू सरकतो आणि खांद्याला झटका कमी बसतो. पाहुणे येत, मला खांद्याला लावून बघत आणि म्हणत, "शिलाई मशीनसारखी चालायलीय की!" मला फार बरे वाटे. रायफलीला शिलाई मशीन म्हणणे हे कौतुक आहे की थट्टा, हे मात्र मला तेव्हाही कळले नव्हते.

रायफल निवडण्यासाठी सैन्याने ठेवलेल्या चाचणीला निघण्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या भागात त्या दिवशी प्रत्येक हत्याराची पूजा होते. लेथपासून पान्यापर्यंत सगळ्यांना झेंडू. मल्लप्पाकाकांची एक जुनी रीत होती. ते प्रत्येक यंत्राच्या तोंडाला कुंकू लावत, म्हणजे जिथून माल आत जातो तिथे. विभूतीची बोटे माझ्या दस्त्यावर ओढून झाली आणि ते थांबले.

"नेत्राक्का, हिचं तोंड कुठलं म्हणायचं?"

"गोळी पुढून जाते की, काका."

"ते जायाचं तोंड झालं. यायाचं कुठलं?"

नेत्रा हसली. तिने नळीवरच्या भोकाशी बोट ठेवले. "हिचा श्वास इथून चालतो."

"मग हितंच लावतो," म्हणत काकांनी चिमूटभर कुंकू तिथे दाबून लावले. त्यांच्या बायकोने, नागूबाईंनी, घरी हळदीत चुना घालून केलेले ते कुंकू होते.

चाचणीचे मैदान दूर होते. कारखान्याच्या कचेरीतला रविकुमार मला घेऊन गेला. तिथे प्रथमच एका जवानाने मला खांद्याला लावले. "हलकी आहे की ही," असे तो स्वतःशीच पुटपुटला. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत सुखाचा क्षण. मग मला एका पेटीत ठेवून माझ्यावर तांबड्या मातीची धूळ उडवण्यात आली, कारण सैनिकाला धुळीतच लढावे लागते. पेटीतून काढल्यावर दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्या गोळीचे काडतूस अर्धवट बाहेर आले आणि अडकले. जवानाने हाताने ओढून काढले. पुढचेही अडकले. मी जोर लावत होते, मित्रांनो, पण माझा श्वासच पुरत नव्हता.

परत आल्यावर नेत्राने मला टेबलावर खोलले. भोकात आणि भोवतीच्या खाचेत लाल भुकटी होती. रविकुमारने ती पाहिली मात्र, आणि तो ओरडलाच.

"कुंकू! पूजा करून नाक चोंदवलंय की हिचं!"

मल्लप्पाकाका दारातच उभे होते. ते खाली पाहत बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत.

संगमेश्वरअण्णांचा चेहरा मात्र उजळला. ते नेत्राला म्हणाले, "असं लिहून देऊ की बाहेरचा पदार्थ आत शिरला. बनावटीत दोष न्हाई. मग दुसरी संधी मिळतीया. बनावटीतच दोष म्हटलं तर दार बंद."

"आणि मल्लप्पाकाका?"

"जबाबदार माणसावर काय कारवाई केली, ते विचारतेत. काढल्याचं दाखवावं लागंल." अण्णांचा आवाज खाली आला. "मला बी गोड वाटंना, पोरी. पण एका माणसापायी एवढ्या घरांची चूल बघू नको का?"

मी टेबलावर सुटी पडले होते. काकांनी मला घासून घासून घडवले होते, आणि माझ्याच अंगातली लाल भुकटी त्यांना घरी बसवायला निघाली होती. ती भुकटी कुंकवाची की मातीची, हे मलाही सांगता येत नव्हते. दोन्ही लाल. दोन्ही माझ्याच श्वासात.

नेत्राने एक लिंबू कापले.

"सरबत करायलीस काय?" रविकुमारने विचारले.

"हळदीचं कुंकू चुन्यामुळं लाल होतं. त्यावर आंबट पडलं की ते परत पिवळं होतं. माती न्हाई होत. बघ आता."

तिने भुकटी पांढऱ्या बशीत घेतली आणि वर रस पिळला. आम्ही सगळे वाकून पाहू लागलो, म्हणजे ते वाकले. बशीत एक पिवळी रेघ उमटली. बाकीची भुकटी तांबडीच राहिली.

"म्हंजे दोन्ही हायेत," अण्णा म्हणाले. "पिवळं दिसलं की. बास झालं."

"हायेत हे कळलं, अण्णा. अडकवलं कुणी ते कुठं कळलं?"

माझा गोंधळ आणखी वाढला. लिंबू पिळूनही उत्तर अर्धेच निघाले होते. नेत्रा मात्र गोंधळलेली दिसली नाही. तिने मला धुतले, पुसले, तेल दिले. कारखान्यामागे मातीच्या भिंती घालून केलेली, परवानगीची गोळीबाराची जागा होती. तिथे मला दोनदा उडवण्यात आले. पहिल्यांदा तिने भोकाला नुसते कुंकू लावले, काकांनी लावले होते तेवढेच. सगळ्या गोळ्या सुरळीत सुटल्या. गरम वायूने कुंकू क्षणात उडवून लावले. मग मला पुन्हा स्वच्छ करून तिने नुसती माती उडवली. काडतूस अडकले, अगदी मैदानावर अडकले होते तसेच.

नेत्रा तिथेच मातीच्या भिंतीला टेकून बसली. ते बारीक भोक तिनेच आखले होते, आणि त्यातून येणारा थोडासा वायू धुळीने जड झालेल्या दट्ट्याला ढकलायला पुरत नव्हता. ज्याच्यामुळे मी शिलाई मशीन ठरले, त्याच्याचमुळे मला धुळीत धाप लागत होती.

अण्णांना तिने सगळे सांगितले. अण्णांनी माझ्या भोकावरून बोट फिरवले. मग म्हणाले, "भोक मोठं कर. कागदावर कुंकूच राहू दे. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय की, अण्णा."

तेवढ्यात मल्लप्पाकाका आत आले. ते आपल्या कानशी न्यायला आले होते. स्वतःच्या कानशी ते स्वतःच्या फडक्यात गुंडाळू लागले. अण्णा त्यांच्या हातांकडे पाहत राहिले.

नेत्रा उठून त्यांच्याजवळ गेली. "काका, कानशी ठेवा. दोष तुमच्या कुंकवाचा न्हाई."

"माझ्या समाधानासाठी नको सांगू, अक्का. मी डोळ्यानं बघितलंय."

"मी दोनदा उडवून बघितलंय. कुंकवानं काही झालं न्हाई. भोकच बारीक हाय."

"भोक कुणी काढलं मग?"

"मी."

काकांनी फडके खाली ठेवले. मग फडक्याची गाठ सोडत म्हणाले, "मग तू कामून घरी बसली न्हाईस? मी तर लगीच बसलो! आठ दिवस नागूबाईची बोलणी खायलोय."

नेत्रा हसता हसता रडली. अण्णा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आणि पाठमोरेच म्हणाले, "लिही मग. जे हाय ते लिही."

त्या कागदाने दार बंद झाले. दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्याची रायफल निवडली गेली. नेत्राने नंतर माझे भोक मोठे केले. आता मी कितीही धुळीत अडकले नसते, पण बोलावणे आले नाही. माझ्यासोबत घडवलेल्या रायफली, माझ्या बहिणी, वितळवण्यात आल्या. कारखान्यात पुन्हा रोलर फिरू लागले, आणि एका रोलरवर मल्लप्पाकाका होते.

माझी नळी बुजवली गेली, काडतुसावर आघात करणारी कांडी काढून घेतली गेली, आणि एक बाजू कापून मला आतून दिसेल असे केले गेले. आता मी चिटगुप्प्यात एका तंत्रशाळेच्या बाकावर असते. मुले दप्तरे अडकवतात ती माझ्याच नळीला. उन्हाळ्यात माझ्यावर बोटभर धूळ साचते आणि कुणी पुसत नाही.

मित्रांनो, मला एक विनंती करायची आहे. माझ्यावरची धूळ कधीतरी पुसा. माझ्या कापलेल्या बाजूतून आत डोकावून बघा. आणि तुमच्या घरात, शाळेत काही बिघडले, तर जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवण्यापूर्वी एकदा स्वतःच्या हाताने तपासून पाहा. उत्तर अर्धेच निघाले तर पुन्हा तपासा.

मी कुणाचे रक्षण केले नाही. मी कुणाला मारलेही नाही. मला कुणी विकत घेतले नाही. पण माझ्यामुळे दोष देण्यात आलेला एक माणूस आपल्या कानशी घेऊन परत कामाला लागला. मग मी फसले की नाही? मला खरेच ठाऊक नाही. तुम्हाला काही सापडले तर चिटगुप्प्याला या आणि मला सांगा.