रायफल उजवीकडे मारते

माझ्या नवऱ्याची, एसेनची रायफल मांडीवर आडवी घेऊन मी कुबातच्या गाडीत बसले होते. पायाशी ठेवायची सोय नव्हती. बाईने बंदूक ओलांडली की ती बिघडते, नेम चुकवते, असं आमच्या गावात लहान पोरालाही ठाऊक असतं. मी एसेनची रायफल ओलांडली म्हणून तो गेला, असं माझ्या सासूचं, म्हणजे अपाचं म्हणणं होतं. तिने ते एकदाच म्हटलं आणि मग गावाने म्हटलं. गावाला दुसरा उद्योग नव्हता, मक्याची कापणी झाली होती.

झालं होतं एवढंच. आक्रोडाच्या रानातून रानडुकरं मक्यात उतरत होती. एसेन आणि त्याचा जोडीदार कुबात ती मारायला गेले. एसेनने ओढ्यापलीकडच्या डुकरावर गोळी झाडली. ती खांद्यात लागायची, लागली मागच्या पायात. रक्ताच्या मागावर तो झाडीत शिरला आणि जखमी डुक्कर त्याच्या अंगावर आलं. मांडीची शीर फाटली. कुबातने त्याला पाठीवर घेतलं, पण गावाच्या अलीकडच्या पुलापर्यंतच त्याचा जीव होता.

मी रायफल खरंच ओलांडली का, ते मला आठवत नाही. त्या पहाटे ती गादीजवळ जमिनीवर पडली होती. मी चूल पेटवली, दूध काढलं, आत-बाहेर केलं. ओलांडली असेन, नसेन. सगळ्यांनी विचारून झालं, आठव म्हणून सांगून झालं. आठवायला बसलं की मला फक्त दुधाची बादली दिसते. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला नातेवाईक जमणार होते आणि मला माहेरी धाडायचं की ठेवायचं ते तेव्हा ठरणार होतं. त्याचंही मला काही वाटत नव्हतं. एसेनला मी मारलं का, एवढं मात्र कळायला हवं होतं, म्हणून रायफलचा नेम तपासून घ्यायला निघाले होते.

विधवेने इतक्या लवकर घराबाहेर पडू नये. मोठ्या दिरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण अपाच म्हणाली, "जाऊ दे तिला. रायफलच काय ते सांगेल."

शिकारी संघाचं नेमबाजीचं मैदान शहराबाहेर, मातीच्या जुन्या खाणीत आहे. तिथला रखवालदार मिर्झा शेकोटीपाशी बिया फोडत बसला होता.

"काय रे कुबात, आज बाईमाणूस घेऊन? आता तुझ्या गोळ्या पाठीमागे जाणार!"

"तोंड आवर. एसेनची बायको आहे."

मिर्झाच्या हातातल्या बिया खाली पडल्या. त्याने दोन्ही तळवे पसरून एसेनसाठी दुवा म्हटली, चेहऱ्यावरून हात फिरवले आणि कागदी निशाण लावायला चालू लागला. मला त्याची दया आली, म्हणजे यायला हवी असं वाटलं.

कुबातने वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवली, गाल लावला आणि तीन गोळ्या झाडल्या. मग दुर्बिणीतून बघितलं आणि शिवी हासडली. तिन्ही उजवीकडे. पहिली थोडी, दुसरी जास्त, तिसरी वीतभर.

"तूच वाकडा मारत असशील," मी म्हटलं.

"मी? वहिनी, मी या जिल्ह्यात..."

"तुझ्या बंदुकीने मारून दाखव."

त्याने दाखवलं. त्याच्या बंदुकीच्या गोळ्या मधोमध लागल्या. तो फुशारकी मारणार होता, पण माझा चेहरा बघून त्याने पुन्हा एसेनची रायफल उचलली.

"रायफलवरची दुर्बीण हलली असणार," तो म्हणाला. "शंभर टक्के. पाठीवरून आणताना आपटली असेल."

त्याने दुर्बीण काढून खिशात टाकली आणि नळीच्या टोकावरच्या लोखंडी खुणेवरून नेम धरला. तरी उजवीकडेच.

"मग काडतुसं. ओलावा लागला असेल. शंभर टक्के."

त्याने आपल्या डब्यातली काडतुसं भरली. उजवीकडे. मग त्याने नळी साबणासारखा वास येणाऱ्या तेलाने घासली, स्क्रू पिळले, मिर्झालाही एकदा झाडायला लावलं. सगळ्यांचं उजवीकडेच. कुबातचे शंभर टक्के संपत आले होते. मिर्झा माझ्याकडे बघायचं टाळत होता. त्याच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. स्क्रू घट्ट, दुर्बीण ठीक, काडतुसं ठीक, मग राहिली बाई.

मीही तेच धरून चालले होते. खरं सांगते, त्याने बरंही वाटलं असतं. एकदाचं ठरलं असतं.

"नळी गार असते तेव्हा कमी जाते," मी म्हटलं. "तापली की जास्त."

"हं?"

"चहाला थांबलो होतो ना? त्यानंतरची पहिली गोळी कमी गेली. परत."

कुबातने नळीला हात लावून बघितला. मग सिगारेटच्या पाकिटातला चकचकीत कागद काढून त्याने तो नळी आणि तिच्याखालचं लाकूड यांच्या फटीत सरकवला. नळी लाकडाला कुठेही टेकायला नको, कागद आरपार जायला हवा, तो म्हणाला. कागद बोटभर गेला आणि अडला.

"लाकूड फुगलंय," तो म्हणाला, पण या वेळी शंभर टक्के म्हणाला नाही.

त्याने खालचे स्क्रू सोडवले आणि नळी उचलून वेगळी केली. खाचेत, डाव्या बाजूला, चामड्याचा एक तिकोनी तुकडा पाचरीसारखा बसला होता. तेलाने काळा झालेला. नळी तापून जराशी ताणली की ती त्याच्यावर रेलत होती आणि तो तिला उजवीकडे ढकलत होता.

कुबातने सुरीच्या टोकाने तो उचलून माझ्या हातावर ठेवला. तो ताईत होता. आत मुल्लाने लिहून दिलेली दुवा असते, वरून चामडं शिवतात. टाके लाल दोऱ्याचे, उलट्या बाजूने घातलेले आणि प्रत्येक टाक्याला गाठ. "असे टाके आमच्या घरात अपाच घालते," मी म्हटलं. एसेन गळ्यातला ताईत काढून ठेवायचा, घामाने वास मारतो म्हणायचा. मग तिने हा बनवला आणि त्याला कळू नये म्हणून नळीखाली सरकवून दिला. सुरीच्या पात्याने खोल दाबला असणार. पोटच्या पोराच्या काळजीने किती खोल दाबावा, याला काही माप नव्हतं.

कुबातने रायफल जोडली आणि तीन गोळ्या झाडल्या. कागदावर तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून, मधोमध.

"वहिनी!" तो ओरडला. त्याचे डोळे भरले होते. "सुटलीस तू! आता बघतो कोण काय बोलतो ते. त्या म्हातारीच्या तोंडावर फेक हा ताईत. चाळिसाव्याला मीच उभा राहून सांगतो सगळ्यांना."

"सांग," मी म्हटलं.

मला हलकं वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. परतीच्या रस्त्यावर पूल आला तेव्हा कुबातने गाडी हळू केली. मी खिडकीतून पाणी बघितलं, पाणी वाहत होतं. ताईत माझ्या कोटाच्या खिशात होता आणि मी मनात वाक्य जुळवत होते. तुझ्या हातांनी, अपा. तुझ्या स्वतःच्या हातांनी.

घरी अपा एकटीच बसली होती. माझ्या हातातल्या रायफलकडे बघून तिने विचारलं, "काय म्हणाली?"

"उजवीकडे मारते."

"वाटलंच मला." तिने दाराकडे बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "दार लोटून घे. एक सांगते, कुणाला सांगू नकोस, हसतील मला. मी तिच्यात ताईत घातला होता. नळीखाली. तीन दिवस उपास केला होता त्याच्यासाठी." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "म्हणून म्हणते मी. माझ्याकडून काही राहिलं नव्हतं, बुरुल. एवढी राखण असताना पोर जातं कसं? कुणी ओलांडल्याशिवाय जातं? तूच सांग. नाहीतर मग काय? नाहीतर माझी दुवाच पोचली नाही म्हणायचं. मी आईच कसली मग?"

माझा हात खिशात होता. लाल दोऱ्याच्या गाठी बोटांना लागत होत्या. तोंडाशी आलेलं वाक्य तयार होतं, नुसतं सोडायचं होतं. तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले आणि उत्तराची वाट बघत राहिली. इतकी म्हातारी ती मला कधी दिसली नव्हती.

"ओलांडली असेन, अपा," मी म्हटलं. "घाईत होते."

 ती गुडघ्यावर हात टेकून उठली, माझ्यापाशी आली आणि माझं डोकं छातीशी धरून मोठ्याने रडायला लागली. "मुद्दाम नाही ना केलंस," ती म्हणत होती, "मुद्दाम नाही केलंस, माझ्या पोरी. मी माफ केलं तुला. चाळिसाव्याला सगळ्यांना सांगेन, ही कुठे जाणार नाही, हिला मी माफ केलंय." शेजारच्या बायका आवाज ऐकून आत आल्या आणि त्याही रडू लागल्या. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तिने मला खरोखर मनापासून माफ केलं होतं. आणि तेव्हा, एसेन गेल्यापासून पहिल्यांदा, मला काहीतरी वाटलं. मला राग आला. इतका राग की दात वाजायला लागले. अपाला वाटलं मी रडतेय, आणि तिने मला आणखी घट्ट धरलं.