प्यो मास्तरांनी घेतलेला अंगठा

प्यो मास्तरांनी माझ्याकडून कागदावर अंगठा घेतला तेव्हा सांगितलं होतं, तुमच्या पोरीला जादा शिकवणी देणार आहोत. मी त्यांना दोनदा वाकून नमस्कार केला. पंधरा दिवसांनी यॉन्सिलच्या तळहातावर फोड दिसले. विचारलं, तर म्हणाली की आता मंदबुद्धी वर्गात बसवलंय आणि दिवसभर मैदानातलं गवत खुरपायला लावतात. आमच्या गल्लीतली अकरा पोरं त्या वर्गात होती आणि सगळ्यांच्या आया माझ्यासारख्याच, यॉन्गदो बेटावरच्या गोदीत जहाजांचा गंज ठोकून काढणाऱ्या.

दोरांवर टांगलेल्या फळीवर बसून आम्ही दिवसभर हातोडा चालवतो. चार-पाच वर्षांत कान जातात. मग माणसाच्या ओठांवरून बोलणं कळायला लागतं. हे मास्तरांना कुठून माहीत असणार? मी जाब विचारायला गेले, तेव्हा माझ्यासमोरच ते शेजारच्या मास्तरांना हळूच म्हणाले, "यांच्या डोक्यातही गंजच. पोरं कुठून शहाणी निघणार?"

घरी आले आणि हातोडा उचलला. दोगिमअक्कानं दारातच मनगट धरलं. ती माझ्याच फळीवर शेजारी बसायची.

"डोकं फोडलंस तर महिन्याभरात भरून येईल, आणि तू बसशील तुरुंगात," ती म्हणाली. "असं मार, की जन्मभर ठणकत राहील."

तो मार कसा द्यायचा हेही तिनंच ठरवलं. मासेमारीच्या जाळ्यांची जुनी वखार मागून घेतली. गोदीतल्या सुतारानं डेकच्या फळ्यांची बाकं ठोकून दिली. गोदीच्या कार्यालयात कारकुनी करणारी चाओक काम सुटल्यावर शिकवायला यायची. आम्ही पाळीपाळीनं पोरांसाठी सातूचा भात रांधायचो. कुणाचा नवरा दर्यावर, कुणाला नवराच नाही. पण एकीचीही पाळी चुकली नाही. पोरांच्या मागच्या बाकावर आम्हीही बसलो, कारण कागद वाचता येत नाही म्हणूनच फसलो होतो. मी पहिली अक्षरं गिरवली ती माझ्या नावाची नव्हेत, प्योच्या नावाची. हात दुखेपर्यंत गिरवली.

दीड वर्ष गेलं. शाळेत पालकसभा होती, शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. चाओकनं मजकूर सांगितला, साहेबांना अर्ज आम्ही स्वतःच्या हातानं लिहिला, की या अकरा पोरांची बाकीच्यांसारखीच परीक्षा घ्या. साहेबांनी ती सभेआधीच घ्यायला लावली. नऊ पोरं पास झाली, त्यांत यॉन्सिलही.

सभेला आम्ही गोदीतून थेट गेलो, केसांतला गंजही झटकला नाही. मी उभी राहिले आणि साहेबांनी शाळेच्या दप्तरातून मागवलेला तो अंगठ्याचा कागद, पोरीला मंदबुद्धी वर्गात घालायला माझी संमती आहे असं सांगणारा, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पुढे येऊन पुटपुटले, "चूक झाली. माफ करा."

"ऐकू येत नाही, गुरुजी. जरा मोठ्यानं."

ते पुन्हा म्हणाले. मी कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा त्यांना ओरडावं लागलं, तेव्हा त्यांचा फाटलेला आवाज मलाही ऐकू आला. ते पहिल्यांदा पुटपुटले तेव्हाच ओठांवरून मला सगळं कळलं होतं. पण तसं गोड मी आयुष्यात दुसरं काही चाखलं नाही.

घरी येताना यॉन्सिल पुढे चालत होती. चढावर थांबून म्हणाली, "आई, तुला कळलं होतं ना? मग तीनदा कशाला? मला उद्या त्यांच्याच वर्गात बसायचंय."

वसंतात मास्तरांची बदली झाली, तो मंदबुद्धी वर्गही बंद पडला. तोवरचे तीन महिने त्यांनी पोरीकडे मान वर करून पाहिलं नाही, एवढंच.

आमच्या बायकांनी त्या दिवशी टाळ्या पिटल्या होत्या. दोगिमअक्कानं मात्र पिटल्या नव्हत्या, हे माझ्या लक्षात आठवड्यानं आलं. नापास झालेल्या दोघांत तिची धाकटी होती. सुडाच्या धुंदीत मी अक्काला एकदाही विचारलं नव्हतं, की त्या पोरीचं पुढे काय. दुसऱ्या दिवशी वखारीत गेले आणि त्या धाकटीच्या शेजारी बसून पाढे म्हणायला लागले. मलाही ते तेव्हा धड येत नव्हते.

तिला पास व्हायला आणखी दोन वर्षं लागली. वखार तोवर चालू ठेवली, मग नव्या पोरांसाठी चालूच राहिली. प्यो मास्तरांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.