भलतीकडे पडणारा उजेड

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो. सेल घालायचे, हातात धरायची, तसली. अंगावर पोचे आलेत, काच एकदा बदललीय, आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय मी काही पेटत नाही. पण माझं काम लहान समजू नका. विमानांच्या सुरक्षेचं जे सरकारी खातं आहे ना, तिथली मी. विमान उडायच्या आधी पंखाखाली, चाकांच्या खोबणीत, म्हणजे चाकं मिटून आत जातात त्या पोकळीत, कुठं तडा गेलाय का, ते माझ्या उजेडात बघतात.

आमच्याकडे एक रीत होती. बघणाऱ्यानं बॅटरी धरायची नाही. बघायची आमची तपासणारी ताई, धरायचे तिचे मदतनीस तात्या. कारण माणूस स्वतः धरतो तेव्हा उजेड तिकडेच नेतो, जिकडे त्याला आधीच शंका असते. बाकीचं राहतं अंधारात. तात्या मला मुद्दाम भलतीकडे फिरवायचे. ताई ओरडायची, "अहो तात्या, इकडे धरा की! झोप लागली का?"

"तुला हवं तिथंच धरायचं तर मी कशाला, पोरी? मग बॅटरी खिळ्याला टांग!"

मग दूर कुठंतरी एक विमान पडलं. आम्ही तपासलेलं नव्हतं ते, पण आतलं कुणी वाचलं नाही. त्या दिवसापासून ताई सही करायच्या आधी क्षणभर थांबायला लागली. आणि लोकांचं रडणं थांबलं नाही तोच वरून हुकूम आला, खात्यात माणसं जास्त झालीत, कमी करा. बॅटरी धरायला वेगळा माणूस कशाला? तात्या घरी बसले. जाताना मला फडक्यानं पुसून ठेवलं.

सभागृहात म्हणे एक कायदा मांडलाय, अजून पास व्हायचाय. माणसं दगावली असा अपघात झाला, की चौकशी संपेपर्यंत सुरक्षेच्या माणसांना कामावरून काढता येणार नाही. पण त्याचं घोंगडं भिजत पडलंय. विमानं थोडीच थांबतात?

परवा ताई एकटीच चाकाच्या खोबणीत शिरली. मी तिच्याच हातात. ती नेहमीच्या जागा बघत गेली, आणि माझ्या उजेडाच्या अगदी कडेला, एका नळीच्या मागे, मला केसाएवढी रेघ दिसली. ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला तोंड कुठाय, मित्रांनो? ताईची नजर पुढे गेली.

ती उतरली तेव्हा खाली खात्याचे साहेब ताटकळले होते. "झालं ना मॅडम? करा सही. लोक चढायला लागलेत."

ताईनं पेन उचललं आणि परत ठेवलं. "मी मला हवं तिथंच बघितलंय. बॅटरी धरायला दुसरा माणूस द्या."

"कुठून आणू? कायदा होऊ दे, मग बघू."

"मग तोवर विमान इथंच."

"अहो, तुमचीही नोकरी जाईल!"

"जाऊ दे. नाहीतर तुम्ही धरा बॅटरी."

साहेब चिडून ताईच्या मागून शिडी चढले. इस्त्रीच्या शर्टाला ग्रीस लागलं. मला कसं धरायचं तेच त्यांना कळेना. उजेड सैरावैरा पळत होता. "अहो, इकडे धरा!" म्हणत ताई वळली आणि जागीच थिजली.

"हलू नका."

"काय झालं?"

"हात हलवू नका, साहेब."

मग त्यांनाही नळीमागची ती रेघ दिसली. वर, पत्र्याच्या पलीकडे, एक लहान मूल खिदळत पळत होतं. त्याची पावलं आम्हाला ऐकू येत होती.

विमान थांबलं. माणसं उतरली, काहींनी उशीर झाला म्हणून शिव्याही घातल्या. साहेबांनी वर कळवलं, तात्यांना परत द्या. उत्तर आलं, कायदा झाल्यावर. आता मला साहेब स्वतः धरतात.

मित्रांनो, मला नवे सेल मिळतील, नवी काच मिळेल. मला धरणारी माणसं जपा. तुमच्या घरी मत मागायला कुणी आलं, तर मोठ्यांना विचारायला लावा, तो कायदा कुठं अडलाय? पण लवकर विचारा. शेजारच्या शेडमध्ये माझी एक बहीण आहे, माझ्यासारखीच जुनी. तिथला तपासणारा एकटाच उरलाय, आणि आत्ताच तो खोबणीत शिरलाय. इथून मला तिचा उजेड दिसतोय. केव्हाचा एकाच जागी आहे, बाकीचं सगळं अंधारात.