कर्टिसचं नाव

व्हर्लिनला मूठमाती देऊन मंडळी चर्चच्या तळघरात जेवायला उतरली. आयोवातल्या त्या गावात त्यानं पन्नास वर्षं मका पिकवला होता. सगळं गाव ओळखीचं, त्यामुळे एकही खुर्ची रिकामी नव्हती. सँडविच खाता खाता जो तो त्याचेच किस्से सांगत होता, हसत होता.

त्याची बायको आर्डिस मात्र गोंधळून गेली होती. घरात हा माणूस दिवसाला चार शब्द बोलत नसे. एकोणतीस वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा कर्टिस ट्रॅक्टरखाली सापडून गेला, तेव्हापासून व्हर्लिनची जणू वाचाच बसली. त्याला त्रास नको म्हणून तिनंही पोराचं नाव कधी काढलं नाही.

शेजारच्या शेतातला म्हातारा मायलो तिच्याजवळ येऊन बसला.

"रोज सकाळी हॉटेलात कॉफीला यायचा, आणि पोराचंच पुराण लावायचा बघ. 'कर्टिसला आता माझ्यासारखं टक्कल पडलं असतं,' म्हणायचा. आम्ही म्हणायचो, पुरे की रे बाबा!"

आर्डिसनं हातातली कॉफी टेबलावर ठेवली.

"मला वाटायचं, तो विसरला."

"विसरतोय कसला! म्हणायचा, घरी नाव काढलं तर आर्डिसला सोसायचं नाही."

आर्डिसनं खुर्ची मायलोकडे ओढली.

"आणखी काय म्हणायचा? सगळं सांग. मला घरी जायची घाई नाही."