भाकरी थापल्याचा आवाज

“काढून ठेव गं त्या बांगड्या घटकाभर. मला काय धाड भरलीय?”

हे बोलणं यांचं. ओट्याला टेकून, बशीतला चहा फुंकत बोललेले. आमच्या घरात कुणी कुणाला हुकूम सोडत नसे. हे काही सांगायचे तेही हसत, आणि त्या दिवशीही हसतच होते.

आमची सुकन्या बी.एस्सी. झाली, नगरला कॉम्प्युटरचा कोर्स करून आली, आणि सोनईत घरी बसून इंटरनेटवर काम शोधू लागली. तो एक बाजारच असतो म्हणे. आपण आपलं दुकान मांडायचं, आपल्याला काय येतं ते लिहायचं, हसरा फोटो लावायचा आणि वाट बघायची. जगातलं कुणीही येऊन काम सांगतं. तिनं आधी टायपिंगचं दुकान मांडलं. कुणी फिरकलं नाही. मग पत्रिका आणि फ्लेक्स करून देण्याचं मांडलं, तिथंही तेच.

“नव्या माणसाला कुणी काम देत नाही आई, आणि काम मिळाल्याशिवाय जुनं होता येत नाही,” ती म्हणायची.

“मग टेम्पोसारखंच हाय की,” हे म्हणायचे. “मला तरी पहिलं भाडं कुठं कोन देत हुतं? शेवटी तुझ्या आजोबाचाच कांदा मार्केटला नेला, फुकट. अन् म्हातारा वर म्हनला, जावई, दणके लई बसतेत तुमच्या गाडीला.”

मग तिनं आवाजांचं दुकान मांडलं. गाईची धार, पाटाचं पाणी, विहिरीवरची मोटर, कडबा तोडायचं मशीन, सगळं मोबाईलवर भरून ठेवलं. सिनेमावाल्यांना, गोष्टीवाल्यांना असले आवाज लागतात, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. मला काही खरं वाटेना. पण एका सकाळी मी पूजेला बसलेली असताना ती धावत आली. पूजा होईपर्यंत मी बोलत नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. तिला बोटानं थांब म्हटलं. थांबली, पण नुसती नाचत होती जागच्या जागी.

पहिली ऑर्डर आली होती. बंगळुरूकडची कुणी बाई होती, लहान मुलांना ऐकायच्या गोष्टी तयार करायची. तिला भाकरी थापल्याचा आवाज हवा होता.

सुकन्यानं फ्रिज बंद केला, खिडकीला गोधडी लावली, यांना अंगणात पिटाळलं. पालथ्या डब्यावर मोबाईल ठेवला. मी थापली भाकरी, जशी रोज थापते तशी. पाठवून दिली. दोन दिवसांनी बाईंचं उत्तर आलं. आवाज फार आवडला, पण मध्ये सारखी काचेची किणकिण येते, ती नको होती. तसा दुसरा मिळेल का?

पहिलंच काम होतं. बाई नाराज झाल्या असत्या तर दुकानाच्या पाटीवर तेच कायमचं लिहिलं गेलं असतं, असं सुकन्या म्हणाली. मग तिनंच थापून पाहिलं.

“हिची भाकर कानानंबी फाटलेली कळती,” हे अंगणातून म्हणाले.

मग माझ्या बांगड्या वर सारून रुमालानं बांधल्या. मनगट आवळलं, हात अडखळायला लागला. सुकन्या काहीच बोलली नाही. तिला ठाऊक होतं, कासारणीकडे भरतानासुद्धा मी एक बांगडी हातात ठेवूनच बाकीच्या बदलते. तेव्हाच हे आत आले आणि ते वाक्य बोलले.

मी काढल्या. देवापुढच्या तबकात ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं. मोकळ्या हातांनी थापताना माझं मलाच नवल वाटलं. इतका स्वच्छ आवाज असतो भाकरीचा, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. भाकरी तव्यावर टाकली आणि हात धुऊन लगेच बांगड्या भरल्या.

बाईंनी पाचपैकी पाच चांदण्या दिल्या. हे सोनईभर पेढे वाटत फिरले. राहुरीच्या बहिणीला फोन लावून मोठ्यानं सांगितलं, “मनकर्णाताई, आमच्याकडं आता बांगड्या काढून भाकरी करतेत, अन् तिचा आवाज पार बंगळुरूला जातो!”

महिना भरायच्या आत हे गेले. राहात्याला कांदा घेऊन गेले होते. गोण्या उतरल्यावर छातीत दुखतंय म्हणाले, केबिनमध्ये जाऊन बसले, ते बसलेच.

मनकर्णावन्सं आल्या. बायका जमल्या. कुणी पुढं व्हायच्या आत मीच हात पुढं केले आणि एकेक बांगडी उतरवून त्यांच्या ओंजळीत दिली. फोडू दिल्या नाहीत. सुकन्या दारात उभी होती. मी सगळ्या बांगड्या उतरवताना तिनं जन्मात एकदाच पाहिलं होतं, ओट्यापाशी. तिचा चेहरा मला तेव्हा दिसला आणि मी मान खाली घातली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. वन्सं माझ्या सोबतीला राहिल्या. एका दुपारी शेजारणी बसल्या होत्या, सुकन्या चहा घेऊन आली, तेव्हा वन्संच्या तोंडून निघालंच.

“सवाष्णीनं हातातलं उतरवावं व्हय कधी? त्या मोबाईलच्या कामापायी! पोरीला कळत न्हाई, पर वयनी, तुला कळाया नको? माझा भाऊ हसत सांगत हुता गं मला… हसत सांगत हुता.” आणि त्या पदरात तोंड घालून रडू लागल्या.

त्यांचा पाठचा भाऊ गेला होता. कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय त्यांना रडताच येत नव्हतं. सुकन्यानं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि आत गेली.

त्या दिवसापासून तिनं मोबाईल कपाटात टाकला. मी भाकरीला बसले की ती उठून गोठ्याकडे जायची. एकदा पाणी आणायला मागच्या दारी गेले, तर ती गाईच्या मानेशी तोंड लपवून दोन्ही कान दाबून उभी होती. आता रोजच्या भाकरीला किणकिण नव्हतीच. रोज तोच स्वच्छ आवाज. मी भाकरी सोडली, पोळ्या लाटायला लागले. वन्सं म्हणाल्या, “पोळी सोसत न्हाई गं मला.” तरी लाटत राहिले.

परवा दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. वन्सं आत पडल्या होत्या. सुकन्या म्हणाली, “त्या बाईंनी दुसरं काम दिलं होतं, बाबा होते तेव्हा. आता विचारतायत, बरी आहेस ना म्हणून. मी नाही म्हणून लिहिते. दुकानच बंद करते.”

“काय मागितलंय?”

“नदी. पहाटेची, माणसं उठायच्या आधीची.” ती थोडा वेळ देठ खुडत राहिली. “आई, खरं सांग. तुलापण वाटतं ना तसं? आत्या म्हणते तसं?”

खोटं बोलत नाही मी, हाही नेमच. पण नेम नसता तरी तिच्याशी खोटं बोलवलं नसतं.

“अंथरुणावर पडले की वाटतं,” मी म्हणाले. “सकाळी देवापुढं दिवा लावला की नाही वाटत. ज्याच्यापुढं इतकी वर्षं हात जोडले, तो काय बांगड्यांवर माणूस राखतो का गं? इतका हलका असता तर मी त्याला रोज फूल वाहिलं नसतं. पण रात्र झाली की पुन्हा वाटतं. ते माझं मी सोसीन. तू त्यात येत नाहीस. हात माझे होते. काढ म्हणाले ते त्यांचं तोंड होतं. तू तर काही बोललीसुद्धा नव्हतीस.”

“मी बोलले नाही, पण मला हवं होतं ना. आई, मला हवं होतं.”

तिला जवळ घेतलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मेथी सगळी मांडीवरून खाली सांडली. पोथ्या इतक्या वाचल्या, पण त्या वेळी एक ओळ आठवली नाही.

“त्या बाईंना नाही म्हणून लिहू नकोस,” शेवटी मी म्हणाले. “नदी मी आणते. नेवाशाची प्रवरा.”

“तू? तुला बटण तरी माहितीये का?”

“दाखव.”

तिनं दाखवलं नाही. आतून वन्संचा आवाज आला, “सव्वा महिना झाल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई, वयनी. लोक शेन घालतील तोंडात.”

वन्संचा शब्द मी आजवर खाली पडू दिला नाही. त्या दिवशीही उलट बोलले नाही. मेथी गोळा केली, धुतली. शेजारचे वैजनाथभाऊजी दुधाची गाडी घेऊन पहाटे नेवाशाकडे जातात, यांचे जुने सोबती. त्यांना निरोप धाडला. ते कुंपणापाशी आले, खाली बघत म्हणाले, “या वहिनी. केबिनात जागा हाय.”

आज पहाटे उठले. अंघोळ केली, दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं. परत येऊन पाहते तो देवघराच्या फळीवर मोबाईल होता. चार्ज केलेला. बोलायच्या भोकाशी वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून स्पंजचा तुकडा रबरानं बांधलेला, आणि पडद्यावर लाल बटण उघडूनच ठेवलेलं. सुकन्या भिंतीकडे तोंड करून निजली होती. निजली होती की नाही, ते मी पाहिलं नाही.

वन्संची खाट करकरली. त्यांनी कूस बदलली.

मोबाईल पदरात गुंडाळला. चपला हातात घेतल्या. उंबऱ्याशी क्षणभर थांबले, मग उजवा पाय पुढे टाकला. दार आवाज न करता ओढून घेतलं आणि वैजनाथभाऊजींची गाडी उभी होती त्या डेअरीच्या दिव्याकडे चालू लागले.