डोहावरचे वाटे

माणूस रविवारी सकाळी गळ घेऊन नदीवर जातो, दिवसभर बसतो आणि संध्याकाळी कणकेच्या गोळ्या जशाच्या तशा डब्यात परत आणतो. आता तुम्हीच सांगा, बायकोने विचारायचं की नाही?

मी विचारलं. आमचे प्रभाकरराव म्हणाले, “मासोया लागून नाई राह्यल्या.”

मासोळ्या लागत नाहीत, मान्य. पण गोळीला तोंडही लावत नाहीत? बोर नदीच्या डोहातल्या समद्या मासोळ्यांनी उपास धरला की काय? कणिक मी मळते, तेलाचा हात लावून गोळ्या मी वळते, तेव्हा त्यांचं काय होतं हे जाणून घ्यायचा मला हक्क आहे. सासरी मला सगळे चौकशीखोर म्हणतात. म्हणोत. डोळे आणि कान देवाने मिरवायला दिलेले नाहीत.

आधी असं नव्हतं. हिंगणीत आमचं किराणा दुकान, आणि समोरच्याच घरात धाकटे दीर रूपराव, त्यांची शेती. थंडीचे दिवस आले की दोन्ही घरं आणि दोस्तमंडळी मिळून डोहावर जायची. पुरुष गळ टाकायचे, आम्ही बायका गोवऱ्यांच्या लाल आरात रोडगे भाजायचो. कोणाच्या रेडिओवर क्रिकेट चालू, कोणाचं भांडण चालू, मोतीलाल म्हणून यांचा एक मित्र आहे तो तर गाणी म्हणायचा. मासे पकडायला शांतता लागते म्हणतात. आमच्या त्या गोंधळात टोपलं भरायचं, आणि आता हा माणूस एकटा, गुपचूप जाऊन बसतो तर एक झिंगा हाती लागत नाही. हे कोडं मला सुटत नव्हतं.

एकटे जायला लागले त्याचं कारण मात्र सगळ्या गावाला माहीत होतं. ते वाट्यावरून झालं.

आमच्याकडे वाटे घालायची एक रीत आहे. सगळ्यांची मासळी एकत्र करायची आणि पळसाच्या पानांवर तिचे सारखे ढीग लावायचे. एकाने ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, “हा कोणाचा?” आणि पाठमोऱ्याने मनाला येईल ते नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा वाटा. मोठी मासोळी कापायची नाही, ती ज्या ढिगात पडली त्या ढिगाची. यात कोणाला रुसता येत नाही, कारण देणाऱ्याला दिसत नसतं.

गेल्या थंडीत चांगली हातभर मरळ लागली होती. रूपराव पाठ करून उभे होते आणि विचारत होते आमचे हे. मरळीच्या ढिगावर यांचं बोट गेलं, आणि रूपराव म्हणाले, “माहा.”

आमच्या यांनी सगळ्यांच्या देखत म्हटलं, “तुनं मान वळवून पाह्यलं.”

पाठमोऱ्याला असं म्हणणं म्हणजे भर पंगतीत चोर म्हणणं. मोतीलालचं गाणं बंद झालं. रूपराव वळले, लाल झाले, म्हणाले, “भावाले चोर म्हनतं?” आणि मरळीचा वाटा उचलून, बायकोला घेऊन तडक चालू लागले. त्यानंतर दोन घरांच्या मध्ये नुसता रस्ता उरला. पोळा वेगळा, दिवाळी वेगळी. डोहावरचं जाणं बंद, आणि आमचे हे रविवारी एकटे निघायला लागले. लोक म्हणायचे, प्रभाकररावांचा राग भारी. मलाही तसंच वाटायचं.

अबोला पुरुषांचा होता. माझी जाऊ जयवंता आणि मी मागच्या दाराने बोलत होतो. विरजण, लोणचं, गावच्या बातम्या, सगळं चालू. तिनेच एक दिवस सांगितलं, “बाई, आमी संक्रांतीनंतर चाललो. पोरानं शयराजवय, सिंदी मेघेले घर घेतलं. वावर ठेक्यानं देऊन राह्यलो.”

माझ्या हातातलं वाटीभर दही तसंच राहिलं. समोरासमोर राहून जे भाऊ बोलत नाहीत, ते लांब गेल्यावर काय बोलणार? मग लग्नाकार्यात दोन टोकांना बसतील, आणि एक दिवस कोणीतरी आधी जाईल, की संपलं. मला फार वाईट वाटलं, आणि तितकाच रागही आला. एका मरळीपायी!

पुढच्या रविवारी हे निघाले आणि मी मुलाला, गजेंद्रला, दुकानात बसवून शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने यांच्या मागे गेले. डोहाच्या काठाला बेशरमीची झाडं माजलेली आहेत. त्यात शिरून बसले. या वयात मुंग्या चावून घेण्याची हौस नव्हती, पण पाहिल्याशिवाय जेवण गेलं नसतं.

यांनी गळ टाकला. गोळी न लावताच! मग घसा साफ केला आणि बोलायला लागले.

आमचे हे घरात बोलायचे म्हणजे ‘हो’, ‘नाई’, आणि ‘चहा’. आणि इथे मोकळ्या आवाजात, समोर माणूस बसल्यासारखं, “रूपराव, झालं ते झालं. तुनं पाह्यलं नसन. पण...” थांबले. तंबाखू थुंकले. पुन्हा, “रूपराव, म्या तसं बोलाले नव्हतं पायजे. पण...” पुन्हा थांबले. मग वेगळ्याच सुरात, लहान पोराला बोलावतात तसं, “रूप्या, हे पाय ना बे...” आणि तिथे आवाजच चिरकला. बोलण्याच्या भरात गळाची काठी पाण्यावर बडवत होते. मासोळ्या कशाला येतील? पार धरणापर्यंत पळाल्या असतील.

आधी मला हसू आलं. पदर तोंडात कोंबला. मग ते चालूच राहिलं. दर वेळी वाक्य वेगळं, दर वेळी ‘पण’ आलं की अडलं. हसता हसता माझ्या डोळ्यांना पाणी आलं. वर्षभर हा माणूस रागावून नदीवर जात नव्हता. माफी कशी मागायची ते शिकत होता, आणि जमत नव्हतं. ते ‘पण’ का गिळता येत नाही, हे मात्र मला कळेना.

घरी येऊन मी मागच्या दाराने जयवंताला सगळं सांगितलं. तिने त्याच संध्याकाळी रूपरावांना सांगितलं, हे वेगळं सांगायला नको. आणि पुढच्या रविवारी, हे निघून गेल्यावर, वर्षभरात पहिल्यांदा रूपराव आमच्या मागच्या दारात उभे.

“वयनी, खरंच बोलते का भाऊ? एकट्यानं?”

“मंग का म्या खोटं सांगून राह्यली?”

“मले ऐकाचं हाय.”

चौकशीखोर फक्त मीच आहे असं नाही, या घराण्यातच आहे ते.

तर बेशरमीच्या झाडांत आम्ही तिघं, रूपराव, जयवंता आणि मी. हे आपले नेहमीच्या जागेवर. “रूपराव, तू संक्रांतीनंतर चालला म्हनते. जाजो बाप्पा. तुनं पाह्यलं असन का नसन, माह्या मनात आता काई नाई. पण...”

रूपराव उठले. मी त्यांचा सदरा धरला, तो हातातून सुटला. झाडं बाजूला सारत ते काठावर जाऊन उभे राहिले.

“भाऊ, ते ‘पण’ तसंच राहू दे. म्या पाह्यलं होतं.”

यांच्या हातातला गळ पाण्यात गेला तो गेलाच. मी आणि जयवंता झाडांतच, एकमेकींचा हात धरून.

“दिपाली बायंतीन होती,” रूपराव म्हणाले. दिपाली त्यांची मुलगी, तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. “अंगावर दूध नव्हतं. मरयीचा रस्सा दे म्हने कोनी. म्हनून पाह्यलं.”

“मंग मांगाची ना बे! म्या अख्खी मरय तुह्या घरी पाठवली असती.”

“तेच तर. तू दिलीच असती. वावराले बैल तूच देल्ला, दिपालीच्या लग्नात लुगडी तूच देल्ली. एक डाव वाटलं, भावाच्या देन्यातून नाई, माह्या वाट्यानं येवो. आता वाट्यात लबाडी केली तर तो कायचा वाटा, हे मले घरी जाऊन समजलं. मंग कोन्या तोंडानं बोलू?”

यांनी वाहत चाललेल्या गळाकडे पाहिलं. वारा होता, आणि पलीकडच्या वावरात कोणीतरी ढोरं हाकत होतं. मला वाटलं आता हे घरच्यासारखं ‘हो’ म्हणतील आणि सगळं तिथेच राहील.

“मले दिसलं होतं तू मान वळवली ते,” हे म्हणाले. “म्हनूनच ‘तुनं पाह्यलं नाई’ असं तोंडातून निघत नव्हतं. खोटं कसं बोलू? चारचौघांत बोललो, ते माहं चुकलं.”

वाक्य संपलं. मी श्वास धरून वाट पाहिली. ‘पण’ आलं नाही.

मग दोघे काठावर बसले. गळ तर वाहून गेला होता, करणार काय? तंबाखू मळली. आम्ही दोघी झाडांतून बाहेर आलो तेव्हा आमच्या यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी एखादी बाई घाबरली असती. मी म्हटलं, “पाहता काय? डब्यातल्या गोळ्या जशाच्या तशा कशा वापस येते, ते पाह्याले आली.” जयवंताला हसू आवरेना.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे पुन्हा डोहावर गेलो. मोतीलाल आला, गजेंद्र आला, दिपाली तिच्या बाळाला घेऊन आली, चांगलं गुटगुटीत बाळ. रोडगे झाले, भांडणं झाली, मोतीलालने गाणं म्हटलं आणि त्याला सगळ्यांनी गप्प केलं. मासळी म्हणावी तशी लागली नाही. बारीकसारीकच, आणि एक रोहू मात्र असा की दोन्ही हातांनी धरावा लागला.

पानांवर ढीग लागले. रोहू एका ढिगावर आडवा ठेवला, त्याची शेपटी पानाबाहेर. आता प्रश्न आला. पाठ कोणी करायची?

रूपराव म्हणाले, “म्या नाई.” मोतीलाल म्हणाला, त्याला नको. गजेंद्र चूल विझवायला लागला, जी कधीच विझली होती.

“गजेंद्रची माय,” आमच्या यांनी हाक मारली, “तू राय उभी.”

बाईने पाठ केल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. तरी उठले, पदर खोचला आणि ढिगांकडे पाठ करून उभी राहिले. समोर तुरीचं वावर आणि त्यापलीकडे जंगलाची कड. तेव्हा मला कळलं की रूपरावांची मान का वळली असेल. पाठीमागे काहीतरी चाललंय आणि आपण पाहायचं नाही, ही भलती शिक्षा आहे. माझ्यासारखीला तर फारच. मानेचे स्नायू दुखायला लागले. पण नाही वळवली.

“हा कोनाचा?” यांनी विचारलं. दुकानात गिऱ्हाइकाला विचारतात तसं, सपाट.

“मोतीलालचा.”

“हा कोनाचा?”

“गजेंद्रचा.”

“हा कोनाचा?”

“दिपालीचा.”

आता दोनच नावं उरली होती, आमचं आणि रूपरावांचं. आणि हे म्हणाले, “हा... कोनाचा?”

शब्द तेच. आवाज मात्र दुसरा. इतक्या वर्षांच्या संसारात मी तो आवाज एकदाच ऐकला होता, मुंग्या चावून घेत, बेशरमीच्या झाडांत बसून. ‘रूप्या, हे पाय ना बे’ म्हणताना जो चिरकला होता, तो. एकट्याने बसून वर्षभर ज्याच्याशी बोलले, त्याच्यासाठीचा.

म्हणजे बोट रोहूवर होतं, आणि वाट्यात लबाडी आजही होणार होती. विचारणारा करत होता आणि सांगणारीही करणार होती. मला त्याची जराही लाज वाटली नाही.

“रूपरावचा,” मी म्हणाले, आणि मगच मान वळवली.

रूपराव रोहूकडे पाहतच नव्हते. ते भावाकडे पाहत होते, आणि त्यांनाही तो आवाज कळला होता.